सुवीचा सहावा विषय

प्रिय सुवी,

आता कुठे ताईला पत्र लिहायला सवड मिळाली, असं म्हणशील. म्हण! तुझा हक्कच आहे. तू होतीस तेव्हा मी तुला चार ओळींच्या वर कधी लिहिलं नाही. 'पत्र पोचलं. बुधवारी वाचून दाखवलं. सर्वांना आनंद झाला. तब्येतीला जप.' हे काय पत्र झालं? शिक्षणाधिकाऱ्यांना मी याहून मायेनं लिहीत असे.

आज लिहिते आहे, कारण सकाळी आपल्या चर्चचे पाळकसाहेब घरी येऊन गेले. तुला जाऊन दोन महिने झाले. परवाच्या बुधवारी प्रार्थनासभेत तुझ्या स्मरणाची उपासना ठेवली आहे. तिथे तुझी पत्रं वाचायची, आणि पुढे मंडळी त्यांची छोटी पुस्तिका छापणार. चहाचा घोट घेत पाळकसाहेब म्हणाले, "टीचर, पत्रं सगळी तुमच्याकडेच आहेत ना? तुम्हीच वाचा. तुमच्याइतकं स्वच्छ दुसरं कोण वाचणार?"

स्वच्छ! साखर आणायचं निमित्त करून मी आत गेले, सुवी.

कारण तुझी पत्रं म्हणून माझ्याकडे जो गठ्ठा होता, तो माझ्या अक्षरातला होता. आणि त्यात तू लिहिलेलं सगळं नव्हतं. गाळलेलं काय होतं, हे जगात माझ्याशिवाय कुणालाही माहीत नाही, असं मला आज दुपारपर्यंत वाटत होतं.

पण आधी तुझ्याशी थोडं भांडून घेऊ दे. नाहीतर पुढचं लिहवणार नाही.

तू जायला निघालीस तेव्हा मी किती आदळआपट केली होती! चाळिशी उलटलेली बाई, गणिताची चांगली नोकरी, आणि निघाली टांझानियाला! "इथे नारपोलीत मुलं कमी पडली का? लूमवाल्यांची पोरं दारात गोट्या खेळतायत, त्यांना शिकव!" तू ट्रंकेत साड्या रचत म्हणालीस, "त्यांना तू आहेस की, ताई." मी म्हटलं, "आणि तुला तिथे कोण आहे?" तू नुसती हसलीस. वाद मी जिंकला असं मला वाटलं. तुझ्याकडे उत्तर नव्हतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मंडळीनं काय निरोप दिला होता तुला! हार, फोटो, डोक्यावर हात. भिवंडीतून परदेशी जाणारी पहिली मिशनरी शिक्षिका, आणि ती माझी बहीण. मी भांडत होते, पण मान ताठ करून पहिल्या बाकावर बसले होते. खोटं कशाला बोलू?

ठरलं होतं ते असं. तू महिन्याला एक पत्र लिहायचंस, वर 'आनंद' आणि खाली 'प्रार्थनेचे विषय'. बुधवारी मी ते वाचायचं. मग एकेक विषय एकेकानं वाटून घ्यायचा आणि उभं राहून प्रार्थना करायची. शेवटचा विषय थोरातबाई कधी कुणाला घेऊ देत नसत. खुर्ची सरकायची, म्हणजे समजायचं, बाई उठल्या.

तू महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ट्रकमध्ये बसून तालुक्याच्या गावी जायचीस आणि तिथून ईमेल करायचीस. इंग्रजी अक्षरांत मराठी! डोळ्यांना नुसता त्रास. निजामपुऱ्यात शकीलभाईंच्या सायबर कॅफेत मी त्याचा प्रिंट काढायची आणि घरी येऊन फुलस्केप कागदावर देवनागरीत उतरवायची. सभेत वाचायची ती माझी प्रत. तुझा कागद कुणी मागितला नाही, मी दाखवला नाही. आधी फक्त शुद्धलेखन सुधारत होते. लाल पेन हातात धरायची सवय ना! मग वाक्यं सुधारायला लागले.

पण तुझे आनंद मी कधी कापले नाहीत. एवढं तरी माझ्या बाजूनं धर.

पहिल्या दिवशी वर्गात शिरताना तूच मुलांना 'शिकामू' म्हणालीस! तो नमस्कार धाकट्यांनी मोठ्यांना करायचा असतो हे तुला ठाऊक नव्हतं. चाळीस पोरं बाकांखाली शिरून हसली, आणि एका चिमुरडीनं आजीबाईच्या थाटात तुला आशीर्वाद दिला. रहेमा नावाच्या मुलीला सहा महिन्यांनी स्वतःचं नाव लिहिता आलं, तर तिनं ते शाळेच्या भिंतीवर, पायरीवर आणि एका शेळीवर लिहिलं. कोंबडीनं खडूच्या खोक्यात अंडं घातलं, म्हणून त्या दिवशी फळ्यावर काही लिहिलंच नाही. उगाली म्हणजे मीठ विसरलेली उकड. बाजारातलं रंगीत कापड हातात घेतलंस आणि काठाला बोट लावून म्हणालीस, हे आपल्या भिवंडीच्या लूमवरचं असणार, इथवर माझ्या मागे आलं बघ!

हे वाचताना सभेत हशा व्हायचा. माझाच वाढदिवस असल्यासारखी मी मिरवायची.

आणि मग तुझ्या दुसऱ्या वर्षी ते पत्र आलं. पहिला विषय बोअरवेलला पाणी लागावं, दुसरा शाळेच्या छपराचा, तिसरा मलेरियाचा, चौथा परीक्षेचा, पाचवा शाळेच्या शेळ्यांचा. आणि त्याखाली हे. आता पाठच झालंय मला.

'सहावा विषय. माझ्यासाठी. शाळा सुटली की फार एकटं वाटतं. प्रार्थनेला बसते, पण शब्द येत नाहीत. नुसती बसून राहते. कधी कधी सगळं सोडून घरी यावंसं वाटतं. लाज वाटते लिहायला, पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला? सगळ्यांनी प्रार्थना करा.'

सुवी, मला राग आला. खरं सांगते, आधी राग आला. अगं, शेळ्यांच्या खाली? शेळ्यांच्या खाली लिहायची गोष्ट आहे का ही? आणि साऱ्या मंडळीला? मिशनरी म्हणून हार घालून पाठवलेली बाई प्रार्थनेला बसते आणि शब्द येत नाहीत, हे मी थोरातबाईंपुढे वाचायचं? त्या म्हणाल्या असत्या, "मी म्हटलंच होतं, एवढ्या लांब पाठवू नका." रविवारपर्यंत कल्याणला पोचलं असतं!

मी पेन उचललं आणि पाचव्या विषयाखाली रेघ ओढली. 'आपली नम्र, सुवार्ता.' तुझी सहीसुद्धा मीच केली.

ही सवय कुठली, ते तुला माहीत आहे. कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, मुलींनी गुडघा फुटला तरी रांगेत सरळ उभं राहायचं. तू पहिलीत होतीस. प्रार्थनेच्या रांगेत यायच्या आधी पडलीस, मोज्यात रक्त उतरलं, तुझा ओठ थरथरायला लागला. मी मागून तुला चिमटा काढला. रडली नाहीस तू. सिस्टरनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि मला वाटलं, मी तुझी काळजी घेतली!

मनाशी म्हटलं, हा विषय मी एकटी घेईन. घरी करीन प्रार्थना. केली का? दोनदा केली. तिसऱ्यांदा डोळे मिटले आणि तुझ्यावर चिडूनच उठले. शब्द येत नाहीत म्हणजे काय? लहानपणी पाठ केलेत ते कुठे गेले?

मला वेगळं पत्र लिहिलं असतंस तर, असं आज दिवसभर घोकते आहे. पण ते तरी कुठल्या तोंडानं म्हणू? लिहिलं होतंस. पहिल्याच वर्षी. 'ताई, एकदा मोठं पत्र लिही ना. घरातलं काहीही चालेल. लाइट गेल्यावर सगळे लूम एकदम थांबतात आणि मग शेजारच्यांची भांडणं ऐकू येतात, ते लिहिलंस तरी चालेल.' आणि मी उत्तर दिलं, 'पत्र पोचलं. तब्येतीला जप.'

पुढच्या महिन्यात तुझं पत्र आलं, त्यात आनंदाच्या यादीत सगळ्यात वर होतं:

'सहाव्या विषयाबद्दल विशेष उपकारस्तुती. तुमच्याकडे बुधवारी साडेसहा होतात तेव्हा इथे चार वाजलेले असतात. मी आंब्याखाली जाऊन बसते. शब्द अजून येत नाहीत, पण आत्ता भिवंडीत कुणीतरी उभं राहून माझं नाव घेतंय, हे माहीत असतं. तेवढ्यावर संध्याकाळ निघते.'

शकीलभाईंच्या दुकानात उभ्यानं वाचलं मी ते. त्या वेळी आम्ही शेळ्यांसाठी प्रार्थना करत होतो, सुवी.

तेव्हा तरी सांगायचं! पण काय सांगणार? न केलेल्या प्रार्थनेचे आभार सभेत वाचायचे कसे? मग तेही कापलं. नंतर प्रत्येक पत्रात सहावा विषय यायचा, मी पाचाखाली रेघ ओढायची, आणि घरी आल्यावर तुझा कागद फाडून टाकायची. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप होतं, हे मी बत्तीस वर्षं मुलींना शिकवलं. फळ्यावर लिहून!

सव्वीस जुलैच्या महापुराच्या आदल्या वर्षी तू सुटीवर आलीस. काळी पडलेली, बारीक झालेली, आणि सगळ्यांसाठी त्या रंगीत कापडाच्या पिशव्या घेऊन. त्या बुधवारी सभा भिवंडीबाहेर पूर्ण्याला थोरातबाईंच्या घरी होती. बाईंनी तुला दारातच धरलं. "काय गं सुवार्ता, शेळ्या व्यायल्या का? त्यांच्यासाठी मी उभी राहायचे हो!" कुणी बोअरवेलचं विचारलं, कुणी छपराचं. तू सगळ्यांना उत्तरं देत होतीस. आणि मधूनच दाराकडे बघावं तसं एकेकाच्या तोंडाकडे बघत होतीस. मला दिसत होतं. मी चहाचे कप गोळा करत बसले.

परतताना रिक्षात आपण दोघीच होतो.

"ताई, शेळ्यांची सगळ्यांना आठवण आहे," तू म्हणालीस.

"असणारच!"

"बाकीचं कुणी काही विचारलं नाही."

मी म्हटलं, "आपल्या लोकांना रीत आहे, बाई. खासगी गोष्टी तोंडावर कोण विचारतं?"

तू माझा हात हातात घेतलास. थोड्या वेळानं बाहेरच्या गोदामांकडे बघत म्हणालीस, "इथे भातशेती होती ना गं?" मी म्हटलं, होती. 

तुला कळलं होतं का, सुवी? तेव्हाच कळलं होतं का? माझ्या तोंडावर विचारलं का नाहीस? भांडायचं होतंस! मी इतकी वर्षं तुझ्याशी भांडले, तू एकदाही का भांडली नाहीस?

तू परत गेलीस आणि पुढच्या पत्रात पाचच विषय आले. मी शकीलभाईंच्या टेबलापाशी उभी राहून बोट खाली नेलं. पाच, आणि तुझी सही. आणि मला हायसं वाटलं. लिहिते आहे तर सगळंच लिहिते. हायसं वाटलं मला. आता तुझा कागद आणि माझी प्रत सारखी झाली, असं वाटलं.

शेवटपर्यंत पाचच.

मग एक दिवस तुझ्याऐवजी तुझ्या शाळेतल्या नीमाबाईंची ईमेल आली. चार दिवसांचा ताप, मलेरिया मेंदूत गेला. शाळेमागेच मातीत ठेवलं तुला. मुलं मातीजवळ ओळीनं आली आणि प्रत्येकानं तुला 'शिकामू' म्हटलं. मी ते उभ्यानं वाचलं, आणि शकीलभाईंनी न विचारता मागे स्टूल आणून ठेवलं.

आता आज दुपारचं.

पाळकसाहेब गेले आणि मी तडक निजामपुऱ्यात गेले. फाडलेले कागद परत हवे होते. ईमेल तशाच आत असतात, हे एवढं आता मला कळतं.

"सब के सब निकालूँ, टीचर? शुरू से?" शकीलभाईंनी विचारलं.

"हो, पहिल्यापासून."

मशीन एकेक कागद बाहेर टाकू लागलं. त्यांनी एक उचलून सरळ केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये छे नंबर वाला है."

मी तो कागद त्यांच्या हातून काढून घेतला. "तुम्हाला काय माहीत?"

"कागज अटकता है ना, टीचर, तो निकालते-निकालते पढ़ने में आ ही जाता है. फिर आदत हो गई. घर जाके अम्मी को सुनाता था. अम्मी पूछती थीं, अफ्रीका वाली टीचर का खत आया? बोरिंग में पानी लगा?"

"दुसऱ्याची पत्रं वाचायची लाज नाही वाटत?" मी ओरडले. पलीकडे गेम खेळत बसलेला एक जण दचकून माझ्याकडे बघायला लागला.

"लगती है," ते म्हणाले. "लेकिन उन्होंने लिखा था ना, सब लोग प्रार्थना करो. तो अम्मी बोलीं, सब में हम भी आ गए."

मी मशीनखाली पडलेले कागद गोळा करायला लागले.

"अम्मी हर नमाज के बाद बोलती थीं, या अल्लाह, उस बच्ची का दिल वहाँ लगा दे. फिर छे नंबर आना बंद हो गया. अम्मी समझीं, कबूल हो गई. उस दिन मोहल्ले में शीरनी बाँटी थी. आपको भी डिब्बा दिया था, टीचर, याद है? बर्फी का."

आठवलं मला. कशाबद्दल म्हणून विचारलं होतं, तर म्हणाले होते, अम्मीची मन्नत पुरी झाली. मी मुबारक म्हणाले होते. घरी येऊन चहाबरोबर खाल्ली ती बर्फी. गोड जास्त आहे म्हणून नावंही ठेवली!

कागद घेऊन बाहेर आले आणि रस्ता ओलांडता येईना. हातगाड्या, टेम्पो, कापडाचे तागे घेऊन जाणारे लोक, आणि मी कडेला उभी. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "क्या हुआ, अम्मा?" मला अम्मा म्हणालेलं मुळीच आवडत नाही. पण बसले रिक्षात.

घरी आल्यापासून मन एकच धागा ओढतंय. आंब्याखाली बसून तुला जे वाटत होतं, ते अगदीच खोटं नव्हतं. कुणीतरी तुझं नाव घेत होतं. तुझ्या मंडळीतलं कुणी नसेल, निजामपुऱ्यातली एक म्हातारी होती. आणि कोण जाणे, सहावा विषय बंद झाला तो खरंच तुझं मन तिथे लागलं म्हणून असेल. माझं लबाड मन म्हणतंय, बघ, सगळं नीट झालं होतं की! आता माझीच प्रत वाच आणि मोकळी हो.

नाही, सुवी. हा दिलासा अम्मींच्या प्रार्थनेचा आहे, माझ्या कापाकापीचा नाही. तो मी माझ्या पदरात टाकून घेणार नाही. तुझं मन लागलं होतं की तू मागणंच सोडून दिलंस, हे मला आता कधीच कळणार नाही. ते न कळता उरलेली वर्षं काढणं, एवढीच शिक्षा आहे, आणि ती फार नाही.

एवढं लिहून झालं तोवर लाइट गेली होती. सगळे लूम एकदम थांबले. शेजारची सून सासूला म्हणाली, "तुमचं ऐकता ऐकता माझी डाळ करपली!" आणि सासू म्हणाली, "डाळीचं निमित्त आहे, लक्ष कुठे होतं ते सांग." तुला हवं होतं ना असलं काही? पाच वर्षं उशिरा देते आहे. घे.

आता वचन. परवा मी तुझी पत्रं वाचीन ती आज काढून आणलेल्या कागदांवरून, इंग्रजी अक्षरांत अडखळत. स्वच्छ वाचणार नाही. सहावा विषय येईल तेव्हा आवाज उतरवणार नाही, 'घरी यावंसं वाटतं' हेही गाळणार नाही. मग चष्मा काढून सांगीन, की हे तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही ते मी. सुवार्ता तिथे बसून समजत होती की तुम्ही उभे आहात. थोरातबाई "अगं बाई!" म्हणतील, म्हणू देत. पाळकसाहेब घसा खाकरून विचारतील, हे छापायलाच हवं का? हवं. नाहीतर माझ्याकडून एकही कागद मिळणार नाही. गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची आपल्यात रीत नाही, म्हणून तुझा विषय घेऊन आता कुणी उभं राहू शकणार नाही. पण कुणासाठी उभं राहायचं राहिलं, हे प्रत्येकाला कळायला हवं. गुरुवारी शकीलभाईंच्या अम्मींकडे जाईन. तू गेलीस हे त्यांना मुलाकडून कळलं आहे. तुझं नाव त्या घेत होत्या तेव्हा मी काय करत होते, ते माझ्या तोंडून कळू दे.

आणि सभेच्या शेवटी पाळकसाहेब नेहमीसारखे विचारतील, "आणखी कुणाचा विषय?" इतकी वर्षं त्या सभेत बसले, पण स्वतःसाठी मी कधी विषय दिला नाही. परवा हात वर करीन. काय मागायचं ते मघापासून जुळवते आहे, पण शब्द येत नाहीत. बुधवारपर्यंत आले नाहीत तर उभी राहून तेवढंच सांगीन.

तुझी,
ताई